चालता स्लॅम दुसऱ्यांच्या हाती देताना : बडोद्यातल्या कामाच्या नोंदी

बडोद्यात आमचा कविता-स्लॅम, म्हणजे कवींनी आपली कविता सादर करायची आणि प्रेक्षकांतल्याच काहींनी गुण द्यायचे अशी स्पर्धा, २०१८ पासून चालू आहे, कोविडचा काळ सोडून. त्या वर्षी फेब्रुवारीत ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं होतं. मांडवाबाहेर चहाच्या टपरीशी पोरंपोरी एकमेकांना कविता ऐकवत उभी होती, तिथून हे सुचलं. सुरू मी केला, इतकी वर्षं निवेदनही मीच केलं. स्लॅम सुरू कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. चालू असलेला सोडायचा कसा, हे मला कुणाकडून कळलं नाही. म्हणून २०२४ च्या जून ते नोव्हेंबरमधल्या या नोंदी. ज्यांना हेच करायचंय त्यांच्या उपयोगी पडाव्यात.

१ जून, शनिवार

आज सोबत काम करणाऱ्या पाचजणांना सांगितलं की मी थांबतेय.

कारण गेल्या शनिवारी समोर आलं. गुणांत वर आलेल्या पाच कवितांपैकी तीन एकाच चालीच्या होत्या: सुरुवातीला घरातली एखादी वस्तू, मध्ये आई, शेवटी आवाज खाली आणून एक ओळ. ही चाल मला आवडते, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या ओळीला माझ्या तोंडून ‘वा’ जातं ते पोरं बघतात आणि पुढच्या महिन्यात तसंच लिहून आणतात. मार्क स्मिथ या कवीनं १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल क्लबात स्लॅम सुरू केला, तेव्हा गुण द्यायचं काम जाणकारांकडे न ठेवता समोर बसलेल्या प्रेक्षकांकडे दिलं. एकाच माणसाच्या पसंतीवर कविता तोलली जाऊ नये, यासाठीच तर हा खेळ आहे. आमच्याकडे गुण पाच अनोळखी माणसं देतात खरी, पण लिहिणारे माझ्याकडे बघून लिहायला लागलेत. हे मला चालणार नाही.

सांगितल्यावर सगळे गप्प झाले. मग स्लॅममध्ये कवींची वेळ सांभाळणारी मुलगी म्हणाली, “ताई, मग आपण बंदच करू या ना. तुझ्याशिवाय कोण येणार?” तिनं प्रेमानं म्हटलं होतं, पण मला ते लागलं. एवढ्या वर्षांच्या कामानंतर असं ऐकू येणं म्हणजे काम अर्धवट राहिलंय.

ठरलं ते असं: २९ जूनचा स्लॅम दुसरे चालवतील, मी फक्त हजर राहीन. जुलैत हजरही राहणार नाही. नोव्हेंबरअखेर माझ्या नावावर काही उरणार नाही.

८ जून, शनिवार

कोणाकडे द्यायचं, यावर आज अख्खी संध्याकाळ गेली. आमची जागा फतेहगंजात युनिव्हर्सिटीला लागून असल्यामुळे आमच्यात उत्साही विद्यार्थी भरपूर. पण शेवटच्या वर्षाला असलेल्याच्या हाती दिलं तर परीक्षा झाल्या की तो पुण्याला नाही तर अहमदाबादला जातो, आणि सगळं पुन्हा माझ्या दारात. म्हणून नियम केला: दोन मुख्य माणसं बडोद्यात नोकरी-धंदा असलेली, विद्यार्थी त्यांच्या जोडीला. एक दांडिया बाजारातला शाळेत शिकवणारा मुलगा, मराठीत लिहितो. दुसरी वेळ सांभाळणारीच. घरी गुजराती, कविता हिंदीत, मराठी पूर्ण समजते. गुणांचा हिशेब बँकेतून निवृत्त झालेले काका आधीपासूनच बघतात, तेच बघतील.

मी एकच माणूस शोधत होते, माझ्यासारखा. दोघं हवीत हे काकांनी पटवलं. निवेदन करणारा आणि पैशाला हात लावणारा एक नको, एवढंच ते म्हणाले.

१५ जून, शनिवार

माझ्या फोनला काय काय चिकटलंय त्याची यादी केली. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

इन्स्टाग्राम: पासवर्ड दिला, पण प्रत्येक लॉगिनला कोड माझ्या मोबाइलवर येतो. दिवसभर ऑफिसात मी कोड वाचून दाखवत बसले. आधी ईमेल बदला, मग मोबाइल नंबर, मग दोन टप्प्यांची पडताळणी नव्या फोनवर घ्या, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड. आम्ही उलट्या क्रमानं गेलो आणि खातं काही काळ दोघांनाही उघडेना.

यूट्यूब: चॅनेल ब्रँड खात्यावर असेल तर नव्या माणसाला आधी ‘मालक’ म्हणून जोडावं लागतं, आणि सात दिवस झाल्यावरच ‘मुख्य मालक’ करता येतं. हे आज कळलं. आजच जोडून ठेवलं.

नावनोंदणीचा फॉर्म आणि व्हिडिओ: ड्राइव्हवर मालकी देता येते, पण समोरच्यानं ती स्वीकारावी लागते. नुसतं ‘शेअर’ केलं म्हणजे दिलं असं होत नाही. माझं खातं उद्या बंद पडलं तर २०१८ पासूनचे सगळे व्हिडिओ जातील.

व्हॉट्सअ‍ॅप: दोघांना अ‍ॅडमिन केलं. मी अजून आहे.

२२ जून, शनिवार

कॅफेमालकाकडे दोघांना घेऊन गेले. आमचा व्यवहार तोंडी आहे: महिन्याचा शेवटचा शनिवार, सात ते साडेनऊ, जागेचं भाडं नाही, पण प्रत्येकानं निदान एक चहा किंवा कॉफी घ्यायची. मी बोलत होते आणि ते भाई माझ्याकडेच बघून मान हलवत होते. शेवटी मुद्दाम खाली काउंटरपाशी जाऊन उभी राहिले. वर त्यांचं बोलणं झालं. उतरताना भाई म्हणाले, “बेन, आ लोको साथे चालशे.” म्हणजे या लोकांबरोबर चालेल. तेवढं पुरे होतं. नव्या माणसांचे नंबर त्यांच्या फोनमध्ये माझ्यासमोर घातले, माझा नंबर तिथे आता कामापुरता राहिला नाही.

२९ जून, शनिवार

पहिला स्लॅम त्यांच्या हाती. मी शेवटच्या रांगेत.

शिक्षक मुलानं नियम नीट सांगितले: स्वतःची कविता, तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यानंतर दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापणार, वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही. पाच परीक्षक, वरचा आणि खालचा गुण वगळायचा, उरलेल्या तिघांची बेरीज, म्हणजे जास्तीत जास्त तीस. सुरुवातीला स्पर्धेबाहेरच्या एकाची कविता घेतली. हे कधी सोडू नका. गुण लिहिलेली पाटी वर करायची सवय नसलेले परीक्षक पहिल्याला हात आखडून गुण देतात आणि रात्र चढत जाईल तसे सैल होतात. पहिला नंबर ज्याच्या चिठ्ठीत निघतो त्याचं उगीच नुकसान होतं.

बिघडलं ते वेगळंच. प्रत्येक कविता संपली की निम्म्या माना माझ्याकडे वळत होत्या. मी टाळ्या वाजवल्या की टाळ्या वाढत. मी खाली बघत बसले तर एका मुलीला वाटलं कविता पडली. मध्यंतरात ती मला विचारायलाच आली. मागच्या रांगेत बसणं म्हणजे बाजूला होणं नव्हे. ज्यांना सोडायचंय त्यांनी ‘फक्त बघायला येते’ हा टप्पा ठेवूच नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

६ जुलै, शनिवार

पैसे. प्रवेश शंभर रुपये, विद्यार्थ्यांना पन्नास. क्यूआर कोड माझ्या खात्याचा. स्लॅमचे ११,८४० रुपये माझ्या पगाराच्या खात्यात मिसळलेले, वेगळे दाखवता येतात ते फक्त काकांच्या वहीमुळे. काकांनी दर महिन्याची पानं माझ्या पासबुकाशी ताडून दिली.

बँकेत गटाच्या नावानं खातं काढायला गेलो. नोंदणी नसलेल्या गटाला ठराव, पॅन, पदाधिकाऱ्यांची कागदपत्रं असं बरंच लागतं. दोन शनिवार यात घालवून तो नाद सोडला. त्याऐवजी वेळवालीनं आणि काकांनी मिळून एक साधं संयुक्त बचत खातं काढलं, फक्त याच कामासाठी. रक्कम वळती केली. जुने क्यूआरचे कागद कॅफेच्या टेबलांवरून काढले. दोन टेबलांखाली चिकटवलेले तरी राहिलेच. (नंतर जोडलेलं: ऑगस्टपर्यंत माझ्या खात्यात अधूनमधून शंभर रुपये येत होते.)

२७ जुलै, शनिवार, आणि दुसरा दिवस

मी घरी. साडेदहाला फोन आला, वेळवाली रडत होती.

झालं ते असं. एका मराठी कवितेला पाट्या आल्या: ५.०, ५.५, ८.२, ८.८, ९.४. वरखालचे वगळून बेरीज २२.५. त्यापुढच्या गुजराती कवितेला सव्वीसच्या वर. मराठीवाल्यांच्या टेबलावरून आवाज चढला, “आमचं ऐकायचंच नाही का?” पलीकडून गुजरातीत उत्तर गेलं. शिक्षक मुलानं माइक घेऊन दोन्हीकडच्यांना खाली बसवलं, पण त्याचे हात थरथरत होते म्हणे.

पाच परीक्षकांतल्या दोघांना मराठी येत नव्हतं. एकच असता तर त्याचा खालचा गुण आपोआप गळला असता. दोन असले की दुसऱ्याचा धरला जातो. पद्धत एका विचित्र परीक्षकाला पचवते, दोघांना नाही.

इतकी वर्षं हे झालं नाही, कारण परीक्षक मी निवडायची. तोंड बघून, दोन शब्द बोलून, कोणाला काय समजतं ते मला कळायचं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. यादीत कॅमेऱ्याच्या चार्जरपर्यंत सगळं होतं, हे नव्हतं.

रात्री मी काय करायचं ते सांगितलं नाही. ‘उद्या तुम्ही दोघं बसा, मला काय ठरलं ते कळवा,’ एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला तो असा: दारात येणाऱ्याला थेट विचारायचं, मराठी, गुजराती, हिंदी यांपैकी कुठल्या भाषेतल्या विनोदावर तुम्ही हसता? ‘भाषा येते का’ विचारलं की बडोद्यात सगळे हो म्हणतात. पाचांपैकी निदान चौघं तिन्हींवर हसणारी हवीत. कवींचे मित्र-नातेवाईक नकोत, हे जुनंच. माझ्या पद्धतीपेक्षा ही चांगली आहे, कारण ती कुणालाही करता येते.

१० ऑगस्ट, शनिवार

नियमपत्र लिहायला बसलो. दोन पानांच्या आत ठेवायचं. परीक्षक निवड, चिठ्ठ्या, गुण, वेळ, भांडण झालं तर माइक कोणाच्या हाती, पैसे कोण मोजणार, कोण तपासणार.

मग त्यांनी त्यांची गोष्ट काढली. एक महिना स्लॅम, एक महिना गुणांशिवाय नुसतं वाचन. मला हे पटत नाही. गुणांमुळे ऐकणारा जागा राहतो, पाटी हातात आलेला माणूस मोबाइल खाली ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसं सांगितलंही. शिक्षक मुलगा शांतपणे म्हणाला, “ताई, ज्यांना पाट्यांची भीती वाटते ते येतच नाहीत. ते तुला दिसलेच नाहीत.”

माझ्याकडे याला उत्तर होतं, पण मी दिलं नाही. नियमपत्रात त्यांचं वाक्य गेलं. बदल करायचा हक्क दिला नाही तर मी त्यांना फक्त माझी कामं दिली असं होईल. आवडलेला बदल मान्य करायला काही लागत नाही. न आवडलेला मान्य करायचा प्रसंग लवकर आला, ते बरं झालं.

२८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर

जन्माष्टमीपासून पाऊस. आजवा तलावाचं पाणी आलं आणि विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, सगळीकडे घरांत पाणी. लोक गच्चीवर, वीज नाही, फोन लागत नाहीत, नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या.

आमच्या सगळ्यांची खुशाली कळायला वेळ लागला. त्या काळात मी पुन्हा जुनी झाले होते, यादी घेऊन प्रत्येकाला फोन लावत होते. पण वेळवालीनं आधीच एक तक्ता करून ग्रुपवर टाकला होता: कोणाशी बोलणं झालं, कोणाशी नाही, कोणाला पिण्याचं पाणी हवंय. ३१ तारखेचा स्लॅम रद्द झाल्याचं त्यांनीच कळवलं. मला विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

सामान समाला एका मुलाच्या तळमजल्यावरच्या खोलीत होतं. पाणी उतरल्यावर दोघी-तिघे गेलो. दोन्ही स्पीकर चिखलानं भरलेले, जाळीतून बोट घातलं तर काळा गाळ येत होता. मिक्सर गेला. माइक उघडून वाळवला, पण त्यात खरखर राहिली. मंगळबाजारातून घेतलेल्या लाकडी चौकटीच्या शाळेच्या पाट्या मात्र नळाखाली धरल्या आणि साफ झाल्या. एकीची चौकट तेवढी फुगून सांध्यात उघडली, तिला तार बांधली. दुरुस्तीवाल्यानं स्पीकरवर हात मारून पाहिला आणि परत दिले. नुकसान बावीस हजारांच्या आसपास, विमा नाही. ज्या मुलाच्या घरी सामान होतं त्याच्या आईची शिवणाची दोन मशिनं पाण्यात गेली होती आणि त्या आमच्या स्पीकरबद्दल माफी मागत होत्या. मला काय बोलावं सुचेना. शिल्लकेतून पहिले पाच हजार त्यांना द्यायचे, हे दोघांनी जिना उतरता उतरता ठरवलं.

इतरांसाठी: सामान पहिल्या मजल्यावर किंवा वर ठेवा, आणि दोन घरांत वाटून ठेवा.

२१ सप्टेंबर, शनिवार

एका मुलीचा मला निरोप आला. तीन वर्षांपूर्वीची तिची कविता यूट्यूबवरून काढा. तिनं कारण लिहायला सुरुवात केली होती, मी मध्येच थांबवलं. कारण आम्ही विचारत नाही. वडिलांच्या हातावर, नवऱ्याच्या घरावर, स्वतःच्या शरीरावर माणसं इथे तीन मिनिटं बोलतात, कारण समोर पन्नास-साठजण असतात. तेच पुढे कोणाच्या मोबाइलवर जाईल याचा ताबा त्यांच्याकडेच राहिला पाहिजे.

आता काढायचा अधिकार माझ्याकडे नाही. निरोप पुढे दिला आणि मनापासून लिहिलं: या एका गोष्टीत बदल करू नका. कोणी म्हटलं काढा, त्याच दिवशी काढायचं, इन्स्टावरचा तुकडाही, ड्राइव्हवरची मूळ फाइलही. संध्याकाळी व्हिडिओ गेला होता. नियमपत्रात हे वाक्य सगळ्यात वर आलं, त्यांनीच आणलं. यापुढे रेकॉर्डिंगची परवानगी स्टेजवर जायच्या आधी लेखी घेतात, आणि नको म्हणणाऱ्याच्या वेळी कॅमेरा भिंतीकडे वळवतात, सगळ्यांना दिसेल असा.

ऑक्टोबर

३ तारखेपासून नवरात्र. बडोद्यात त्या रात्रींत गरब्याशिवाय काही ठेवू नये. २६ दिवाळीला फार जवळ, म्हणून १९ तारीख घेतली. भाड्याचा साउंड, अठराशे रुपये. गुणांशिवायचा पहिला महिना होता. मी गेले नाही. काकांकडून कळलं: चाळीसएक माणसं, त्यांत पहिल्यांदा वाचणारे अकरा. निजामपुऱ्यातल्या एक आजी वहीतल्या ओव्या म्हणून गेल्या. आमच्या स्लॅमला त्या कधीच आल्या नसत्या. शिक्षक मुलाला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं.

जानेवारीसाठी एक सूचना दिली: १४ तारखेच्या उत्तरायणाच्या आगेमागे कॅफेची गच्ची मागू नका, तिथे पतंगवाले असतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

उरलेलं संपवलं. यूट्यूबची मुख्य मालकी जूनअखेरच गेली होती, ड्राइव्हचे शेवटचे फोल्डर आज त्यांनी स्वीकारले. जुना ईमेल बंद करण्याआधी त्यावर कोणाकोणाचं येतं ते महिनाभर पाहिलं. एका कॉलेजचं दरवर्षीचं आमंत्रण तिथेच यायचं, त्यांना नवा पत्ता कळवला. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला अ‍ॅडमिनमधून काढायला सांगितलं. वेळवालीनं काढलं आणि लगेच फोन करून म्हणाली, “ताई, वाईट वाटलं का?” वाटलं. तिला तसंच सांगितलं.

नवीन स्पीकरसाठी ते वर्गणी काढतायत. मी इतरांएवढीच दिली. जास्त द्यावी असं फार वाटत होतं, पण मग पुन्हा स्पीकर ‘ताईचे’ होतात.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज स्लॅम होता. मी अजून काही महिने जाणार नाही, नवीन येणाऱ्यांना मी कोण हे माहीत नसेल इतका वेळ जाऊ द्यायचाय. मग चिठ्ठीत नाव टाकीन. एक कविता जुलैपासून लिहितेय, तिच्यात घरातली वस्तू नाही.

युनिव्हर्सिटीच्या दोन-तीन फलकांवर जुनी पत्रकं अजून आहेत, त्यांवर माझा नंबर आहे. फोन येतात. मी नवा नंबर देते आणि ठेवते. नियमपत्र, परीक्षकांना दारात विचारायचे प्रश्न आणि हिशेबाच्या वहीचा नमुना कोणाला हवा असेल तर तो त्यांच्याकडे मागा. माझ्याकडची प्रत ऑगस्टमधली आहे, त्यानंतर त्यांनी बरंच बदललंय.